प्रश्न क्रमांक चौदा

फॉर्ममागे पंचेचाळीस रुपये,
चहा आपला आपण.
एजन्सीचा पोरगा म्हणाला, काकू,
प्रश्न जसा छापलाय तसाच वाचायचा.
मान हलवायची नाही, हूं म्हणायचं नाही,
तोंडावर काही दिसू द्यायचं नाही.
दोन लेकींची लग्नं जमवलीत मी.
हे मला शिकवायला नको होतं.

चौदावा असा:
परदेशातून आसऱ्याला येणाऱ्यांवर
सरकारने मर्यादा घालावी का?
पूर्ण सहमत, सहमत, असहमत, पूर्ण असहमत,
सांगता येत नाही.
शेवटचा रकाना शक्यतो टाळायचा.

कर्वेनगरात दार चार बोटं उघडलं,
साखळी तशीच.
"घालावी. आणि परदेश कशाला,
आधी त्या हिंजवडीवाल्यांवर घाला.
एक दिवसाआड पाणी येतंय इथे."
हिंजवडीला रकाना नव्हता.
'पूर्ण सहमत'वर खूण केली
आणि साखळीखालूनच सही घेतली.

गोखलेनगरात मालनबाई खळदकर
उंबऱ्यात मेथी निवडत होत्या.
"कशाला हवेत बाहेरचे? आधीच दाटी."
पत्ता लिहिताना माझ्या तोंडून गेलं,
पूरग्रस्त वसाहत.
मोठ्याने. जायला नको होतं.
त्यांचा हात थांबला.
"धरण फुटलं तेव्हा नऊ वर्षांची मी.
शाळेत ठेवलेलं आम्हाला. बाकांवर झोपायचो.
शिपाई रोज विचारायचा, कधी जाणार?"
मग जुडी झटकली, माती उडाली.
"सहमतच लिही.
पूर्ण नको."

पिंपरी कॅम्पात, तलरेजांच्या दुकानात
आधी पापड आला, मग पाणी,
मग मत.
बाप बराकीत आला, एक पत्र्याची पेटी घेऊन.
पेटी अजून आहे, गल्ल्याखाली,
आता तिच्यात उधारीच्या वह्या.
"आम्ही मागून खाल्लं नाही. हे लिहा."
लिहायला जागा नव्हती.
"लिहा ना, बाई."
समासात लिहिलं, बारीक अक्षरात,
मागून नाही खाल्लं.
त्यांनी चष्मा लावून वाचलं
आणि म्हणाले, हं, आता करा पूर्ण सहमत.

कोंढव्यात चुकीची बेल दाबली.
ओल्या केसांची मुलगी, खांद्यावर टॉवेल.
लोणकर वर राहतात, ती म्हणाली, मी भाड्याने.
काबूलची. एमएस्सी, दुसरं वर्ष.
नमुन्यात फक्त मतदार धरायचे.
म्हटलं, सॉरी हं, तुमचं मत नकोय.
बोलून गेल्यावर ऐकू आलं मला.
ती हसली. "विचारा तरी. मराठी समजते, थोडी."

वाचला. जसा छापलाय तसा.
"मर्यादा?"
लिमिट, मी म्हटलं.
"किती?"

ते छापलं नव्हतं.
साठ घरांत कुणी विचारलं नव्हतं,
मलाही सुचलं नव्हतं.

टॉवेलचं टोक पिळत ती उभी राहिली.
वर लोणकरांचा मिक्सर सुरू झाला, बंद झाला.
"घालू दे," ती म्हणाली,
"माझा भाऊ आला की.
तो मशहदला आहे. बांधकामावर."
मग एकदम, "हे लिहू नका."

मी लिहिलं. पेन्सिलीने.

रात्री पोराने गठ्ठा मोजला,
वरचा कागद दोन बोटांनी बाजूला काढला.
"काकू, याला नंबर नाही.
आणि 'भाऊ आला की', हा कुठला रकाना?"
तोंडावर काही दिसू दिलं नाही मी.
साठाचे पैसे मिळाले.
एकसष्टावा पर्समध्ये आहे, लाइटबिलाच्या घडीत.

रविवारी धाकटीचा फोन येतो ॲडलेडहून.
तिथेही फिरतायत म्हणे घरोघर,
असलेच कागद घेऊन.
व्हिसाचं अजून काही नाही.
मी विचारलं, काय म्हणतात गं लोक?

शेजारीण चांगली आहे, ती म्हणाली.
काल लिंबं आणून दिली तिने.