नवतपा

दौलतगंजातला स्टुडिओ मोडीत निघाला तेव्हा
ती पाचशे रुपयांत माझ्याकडे आली,
एक स्टूल, दोन छत्र्या आणि लहान मुलांना बसवायचं
लाकडी हरीण, या सगळ्यासकट.
हरीण मी तिथंच ठेवलं.

माझ्या पेंटॅक्सच्या तोंडावर तिच्या आट्या अजून नीट बसतात.
अ‍ॅपर्चरचं कडं टक टक करत घरं मोजतं.
काच तेवढी पिवळी,
बिनदुधाच्या चहासारखी.

"खराब है," इंगळ्यांचा मुलगा म्हणाला, मग मराठीत,
"बाबांचे शेवटचे रंगीत फोटो
सगळे कावीळ झाल्यासारखे यायचे.
गिऱ्हाईक तुटलं ते त्यामुळेच."

खराब नव्हती.
जपानात त्या काळी काचेत थोरियम कालवायचे,
प्रकाश हवा तसा वाकावा म्हणून.
ते आत धुमसत राहतं, आवाज न करता,
आणि काही वर्षांनी काच पिवळी पडते.
याला औषध एकच, ऊन.

ते ग्वाल्हेरात मागायला जावं लागत नाही.
नवतपा लागला त्या सकाळी
स्टीलच्या परातीत चांदीचा कागद अंथरून
ती गच्चीवर ठेवली. भिंग आहे शेवटी,
कुठं आग लावेल नेम नाही.

शेजारच्या छतावरून मिश्राआजी:
"बेटा, क्या सुखा रही हो?"
"चश्मा, दादी."
त्यांनी मान डोलावली, जणू
हे सगळेच करतात जेठात.

किल्ला दुपारभर थरथरायचा.
लू जिन्याची कडी वाजवायची.
चौथ्या दिवशी चहा फिका झाला.
सहाव्या दिवशी पातळ तुपाचा रंग,
आणि त्याच दिवशी शरयूआत्या वर आली
गुडघे धरत, एकेक पायरी थांबून.
कुणाची गं ही?
इंगळ्यांची म्हटल्यावर
टाकीच्या सावलीत बसली.

"माझा स्थळाचा फोटो त्यांनीच काढलेला.
जिन्सीतल्या, कंपूतल्या, सगळ्या मुली तिथंच.
इंगळ्यांच्या हाताला गुण आहे म्हणायचे.
सावळी गेली तर गव्हाळ येते,
गव्हाळ गेली तर गोरी.
इंदूरच्या लोकांनी फोटो बघून होकार कळवला.
मग बघायला आले.
मी पोहे घेऊन बाहेर आले,
तर त्या बाईंनी पाकिटातून फोटो काढला,
एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.
पोहे मात्र सगळ्यांनी खाल्ले.

नकार आला.
फोटो परत आला नाही."

मग एकतीस वर्षं भूगोल.

मी सांगितलं तिला. सांगायला नको होतं की काय,
अजून ठरलेलं नाही.
पिवळी काच निळं अडवते,
ब्लॅक अँड व्हाइट रोलवर आभाळ काळवंडतं
आणि कातडी उजळते.
हाताचा गुण नव्हता तो.
इंगळ्यांनाही कळलं नसणार,
एवढंच की हल्ली एक घर जास्त उघडावं लागतं;
आपलेच डोळे गेले, असं समजून
त्यांनी नवा चष्मा केला असेल.

आत्या गप्प. लांब कुठंतरी कूलरला पाणी सोडलेलं.
"एक्याऐंशीच्या माघात," ती म्हणाली,
"किती पिवळी असेल गं?"

याला कोष्टक नाही.
मी हातातला कॅमेरा उगाच उघडला, मिटला.
आत रोल नव्हता. आठशे रुपयांचा रोल,
दिल्लीहून यायचा होता.

टाकीची सावली सरकत परातीच्या काठाला लागली होती.
आत्या उठली,
परात धरून दोन हात उन्हात ओढली,
"भाजतं की!" म्हणाली
आणि बोट तोंडात घातलं.