इतर हक्क

हलमध्ये फोनचे बूथ लाल नसतात,
सायीच्या रंगाचे असतात.
मॉरीन ड्रूरीनं पहिल्याच दिवशी हे दोनदा सांगितलं,
कॉन्ट्रॅक्टमधलं कलम वाचून दाखवावं तसं.

माझं काम: नगरपालिकेच्या चार खात्यांना
एकमेकांशी बोलतं करणं.
घरपट्टी, ग्रंथालय, शाळा, दफनभूमी.
चौघांचे चार सवतेसुभे.
एकच बाई चौघांकडे चार नावांनी नांदत होती,
एकीकडे तर अजून लग्नाआधीच्या.

मी म्हटलं, माणूस एकदाच लिहू.
नाव, जन्मतारीख, पत्ता, एक्सएमएलचा एकच साचा.
ज्याला लागेल त्यानं उचलावा,
वरून हवं ते शिवावं, आतली शिवण उसवू नये.
फळ्यावर पत्ता काढला: घर, रस्ता, गाव, पोस्टकोड.
पोस्टकोडसमोर लिहिलं, आवश्यक.
देखणं दिसत होतं.
बाहेर साडेतीनलाच अंधारून आलं.

दफनभूमीतून कॉलिन आला, बुटांना चिखल.
म्हणाला, आमच्या लोकांना पोस्टकोड नसतो.
ओळ असते, नंबर असतो, आणि खोली.
एका जागेत तिघं, एकावर एक.
मी आवश्यक खोडलं.
पत्त्याच्या पोटात 'ठिकाण' काढलं,
घर त्यात बसेल, कबरही,
आणि घरी नेलेलं पुस्तकही.

वडील पाटण तालुक्यात तलाठी होते.
म्हणायचे, सातबारा हा एक कागद नव्हेच,
सात नंबरचा नमुना आणि बारा नंबरचा,
दोघांची गाठ मारलेली.
आणि गाव खरा राहतो कुठे, ठाऊक आहे?
'इतर हक्क'च्या रकान्यात.
विहिरीची वाट, आंब्यातला वाटा, बहिणीचं नाव.
जे कुठेच मावत नाही त्याच्यासाठी ज्यानं रकाना आखला
तो शहाणा.
मीही ठेवला एक, साच्याच्या तळाशी, उघडा,
माझ्यानंतर येईल त्याच्यासाठी.

मार्चमध्ये चाचणी. एक्केचाळीस हजार नोंदी.
नापास झाल्या त्या नेहमीच्याच कारणांनी:
महिना आधी, तारीख नंतर,
कुणाच्या आडनावात ॲपॉस्ट्रॉफी.
आणि एक: ड्रूरी, वॉल्टर. ट्रॉलरवर खलाशी.
मृत्यू, फेब्रुवारी एकसष्ट. ठिकाण,
नुसती शाईची रेघ.
यंत्राला रेघ कळत नाही.

मॉरीन मागेच उभी होती, चहाचा मग घेऊन.
"डॅड," ती म्हणाली. "आइसलँडच्या वर कुठेतरी.
दगडावर नाव आहे. दगडाखाली कुणी नाही."
मी म्हटलं, मग ठिकाण गाळूया का? ऐच्छिकच आहे.
ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली.
"गाळलं तर वाटेल, कुणी विचारलंच नाही."

तिला स्कीमा लिहिता येत नाही.
मी अकरा वर्षं लिहिते आहे
आणि हेच नवख्या पोरांना पाढ्यासारखं घोकून घेते:
टॅग नाही, म्हणजे प्रश्नच विचारला नव्हता.
टॅग आहे पण आत काही नाही,
म्हणजे विचारलं होतं, ठाऊक नाही.

संध्याकाळी साचा पुन्हा उघडला.
ठिकाण: रिकामं चालेल, पण लिहावंच लागेल.
एका ओळीचा बदल, चारही खात्यांना पाळावा लागला.
शाळावाले आठवडाभर कुरकुरले.
आवृत्ती एक पूर्णांक तीन.
बदलाचं कारण म्हणून आधी लिहिलं, दफनभूमीची गरज.
मग ते खोडलं आणि मॉरीनचं वाक्य लिहिलं,
अवतरणचिन्हांसकट.

आता तो टॅग उघडतो आणि तिथल्या तिथे मिटतो.
परवा ग्रंथालयानं तोच वापरला,
सत्त्याऐंशी साली कुणीतरी नेलेल्या
कबुतरं पाळण्यावरच्या एका पुस्तकासाठी.