दगड जिथला तिथं

साताऱ्यातून निघताना हेमकांत म्हणाला, दोन दिवस हेच घर.
जुनी टेंपो ट्रॅव्हलर, मिरजेच्या गॅरेजात
चार महिने पोट उघडून पडलेली.
आता तिच्यात फळ्यांचा पलंग, एक शेगडी,
वीस लिटरचा कॅन,
आणि कासच्या चढावर दर वळणाला
आपोआप उघडणारा चमच्यांचा खण.

बामणोलीच्या अलीकडे, कोयनेच्या फुगवट्याशी
तानूबाई उतेकर काठीनं जागा दाखवतात.
"हितं न्हाई, तितं. दार पाण्याकडं नको,
रातचा वारा फिरतो."
गाडी उताराला कलते.
बाई उंबराखालून एक दगड लोटत आणतात,
मागच्या चाकाखाली सारतात.
हेमकांत ओट्यावर कांदा ठेवून बघतो.
कांदा हलत नाही.
म्हणजे सपाट.

मग नियम. पाटीवर नाहीत, तोंडी.
खरकटं पाणी धरणात नाही, केळीच्या आळ्यात.
लाकूड माझ्याकडचं घ्या,
रानातली वाळकी काटकीबी रानाची.
दहानंतर दिवा आत, आवाज आत,
"आन् भांडण आसंल तर त्येबी आत."
आम्ही हसलो, जरा जास्तच.
भांडण आलंच होतं आमच्याबरोबर,
एफडी मोडून गाडी घेतल्याचं,
रुसलेल्या पाहुण्यासारखं
मधल्या सीटवर, पट्टा लावून.

रात्री पलीकडच्या तंबूत स्पीकर.
बाई गेल्या, बॅटरी न लावता,
त्या पोरांच्यात जाऊन नुसत्या बसल्या.
एक गाणं. दुसरं गाणं.
तिसऱ्याला कुणीतरी स्वतःच बंद केलं.
तेव्हा कळलं, पलीकडच्या तीरावर
केव्हापासून भेकर भुंकत होतं.
मी कूस बदलली. फळी करकरली.
"जागी आहेस?" त्यानं विचारलं.
मी झोपल्यासारखा श्वास घेतला.

सकाळी लाँच. वासोट्याच्या पायथ्याला
वनरक्षकानं पिशव्या उघडून मोजलं:
बाटल्या तीन, बिस्किटांचे पुडे दोन, चिक्कीचे कागद चार.
मोजून नेलं, मोजून आणायचं.
वर जाताना मुळांच्या पायऱ्या, ओला काळा पाचोळा,
आणि मध्येच कुणाचा तरी टॉफीचा चांदीचा कागद.
मी तो खिशात घातला.
बाबुकड्यासमोर लोक आपापली नावं ओरडत होते,
कडा ती इमानानं परत करत होता.
हेमकांतनं तोंड उघडलं,
माझ्याकडे पाहिलं,
आणि पाणी प्यायला.

उतरताना त्याचा गुडघा बोलू लागला.
हात माझ्या खांद्यावर आला,
तो पायथ्यापर्यंत तिथंच राहिला.
मोजणीत आमच्याकडे एक कागद जास्त भरला.
रक्षकानं वही उलटी-सुलटी केली.
कमी पडलं तर दंडाचा रकाना होता,
जास्तीचा नव्हता.

रविवारी निघताना हेमकांतनं चाकाखालचा दगड ओढला,
तो उलटला.
मधोमध भोक, भोवती टाकीच्या घावांच्या
झिजलेल्या रेघा.
जात्याची तळी.

"मे म्हैन्यात पाणी उतरलं का वर येत्यात असली,"
तानूबाई म्हणाल्या. "माझ्या आयची का शेजारणीची,
कोन सांगनार. दळान आता गिरणीत.
तुमचं काम झालं न्हवं?
मग दगड जिथला तिथं."

एकट्याला उचलेना.
एका बाजूनं तो, एका बाजूनं मी,
उंबरापर्यंत तीस-एक पावलं,
पावलं आपसूक जुळलेली.
किती महिन्यांनी आम्ही काहीतरी
हिशेब न मांडता उचललं होतं.
मातीत त्याचा खळगा तयारच होता.
त्यात तळी बसली, अगदी तंतोतंत.

गाडी रस्त्याला लागली. पहिल्याच वळणाला
चमच्यांचा खण उघडला,
ओट्यावरचा कांदा घरंगळत निघाला.
मी तो पायानं अडवला,
पार कासपर्यंत.