तिसरा खटका

एकतीस वर्षं मी या मेळ्यात आले ती तपासायला.
पितळेची वजनं, तराजूच्या दांड्या,
कापडवाल्याचा मीटर, टोकाला घासून बोटभर कमी झालेला.
गजकवाल्याच्या पारड्याखाली चिकटवलेली चिंच
मी नखानं खरवडून काढली आहे,
आणि ग्वाल्हेरच्या थंडीत तोंडातून वाफ सोडत
प्रत्येकानं मला तेच ऐकवलं आहे:
"इतना तो चलता है, मैडम."
नाही चालत, म्हणायचे, आणि पावती फाडायचे.

यंदा निवृत्त. यंदा नुसतीच आले,
भाचीच्या मुलाला घेऊन. अन्वय, वय आठ,
कानटोपीतून फक्त नाक बाहेर.
त्याला ड्रॅगन हवा होता,
हिरवा, पत्र्याचा, पाठीवर बारा बाकं;
साखळीनं कुरकुरत चढतो
आणि मग कुणी ढकलून दिल्यासारखा खाली.
"तू पण चल. एकट्याला बसू देत नाहीत."

दारात उंची मोजायची फळी होती, विदूषकाचा हात रंगवलेली.
अन्वय टाचा न उचलता पास झाला.
रुंदीबद्दल कुठंच काही लिहिलेलं नव्हतं.

माझं वजन एकशे सहा.
सांगायला लाज वाटत नाही,
आकडे लपवणाऱ्यांना मीच दंड केलेला आहे.

शाल काढली. मग स्वेटर. पर्स पायाशी.
भिंडकडचा रामहेत नावाचा पोरगा
मफलर मागे टाकून दांड्यावर रेलला.
पहिला खटका.
दुसरा.
"साँस छोड़िए."
सोडली.
"और."
मागच्या बाकावरच्या मुली हसल्या नाहीत.
हसल्या असत्या तर बरं झालं असतं;
त्या मोबाइलकडे बघत राहिल्या, नको इतक्या मन लावून.
पोट आत घेता येतं असं लोकांना वाटतं.
आत घेऊन ठेवायचं कुठे?

रामहेतनं गुडघा लावला. मग रांगेकडे पाहिलं.
रांग लांब होती.
"दो में भी हो जाता है," तो हळूच म्हणाला,
"इतना तो चलता है, मैडम."

तेव्हा मी शेजारी पाहिलं.
दांडा दोघांत एकच.
माझ्यावर तो रुतलेला,
आणि अन्वयच्या मांड्यांवर नुसता अधांतरी.
मी अंदाजानं बोलत नाही, हात घालून मोजलं:
एक वीत, वर दोन बोटं.
पोरगं त्या फटीकडे न बघता
ड्रॅगनच्या शिंगांकडे बघत होतं.

"नहीं चलता."
आवाज जुनाच निघाला. हात पर्सकडे गेला,
पावतीपुस्तक नव्हतं.

उतरणं बसण्याहून अवघड. दोघांनी ओढलं.
मागच्या मुलींपैकी एक न सांगता पुढे आली,
माझ्या जागी बसली, आणि दांडा पडला:
टक्, टक्, टक्.
शेंगा फोडाव्यात इतका सहज.

खाली मी स्वतःचा स्वेटर हातात धरून उभी.
कुठल्या तरी कारखान्यात
कुणाला तरी आधी बसवून पाहिलं असेल.
सडपातळ असेल, कदाचित घाईत असेल.
त्याची मांडी प्रमाण ठरली. शिक्का कुणी मारला?
मापात पाप, म्हणतो आपण.
मी शोधलं. सवयच ती.
इथं पाप नव्हतं, नुसतं माप होतं,
आणि त्याला दंड कसा करायचा
हे एकतीस वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.

ड्रॅगन आला. अन्वयच्या टोपीचे बंद सुटलेले, नाक लाल.
अर्धा किलो गजक घेतली. काटा न बघता.
(बघितला. बरोबर होता.)
"वरून किल्ला दिसतो," तोंडात तीळ घोळवत तो म्हणाला,
"आणि सगळी माणसं एवढी एवढीशी.
कोण कोण ते कळतच नाही.
तू तेवढी कळत होतीस."