उलटं टेबल

चोडणच्या आमच्या अंगणवाडीत
टेबल उलटं केलं की फेरीबोट होते.
चार पाय आभाळाकडे,
एका पायाला माझी जुनी ओढणी.
समोर दोर बांधलेली फळी, तो रॅम्प.
यातलं मी काहीच सांगितलेलं नाही.

तिकिटं फणसाच्या पानांची.
"चलत येणाऱ्यांना तिकीट नाही," जोविटा बजावते;
तिची आई रोज रायबंदरला जाते, तिला ठाऊक आहे.
मिथिलचा ट्रक. ट्रकला चार पानं.
तो तिसऱ्या पानाशी अडखळतो,
पुन्हा एकपासून मोजतो.
फेरी खोळंबते. कुणी कुरकुरत नाही,
बेटावरच्या माणसांना खोळंबायची सवय असते.

बसू तीन महिने एक शब्द बोललेला नाही.
गदगहून आला बापाच्या पाठीमागून.
घरी कन्नड, अंगणात कोंकणी,
भिंतीवरच्या तक्त्यावर मराठी,
आणि हा मधोमध, धक्क्यावरच्या खांबासारखा.

आज त्याने फळीचा दोर धरला.
कुणी दिला नव्हता.
टाचा रोवल्या, अंग मागे टाकलं,
आणि फळी हळू, अगदी हळू सोडली,
कुणाचं बोट सापडू नये अशी.
मिथिलचा ट्रक घुसू लागला
तसा बसूचा तळवा वर गेला:
"राव!"

म्हणजे थांब. खणखणीत कोंकणीत.
ट्रक थांबला.
मीही थांबले, हातात पेजेचं पातेलं.
मिथिलचा ओठ थरथरला. मग म्हणाला,
"बरं. पण उतरताना मी पहिला."
बसूने विचार केला. मान हलवली.

दुपारी जोविटाची आई:
"टीचर, अजून अ गिरवत नाही ही.
दिवसभर नुसती खेळतात काय?"
मी म्हटलं, पेन्सिलीला बोटं लागतात,
बोटांना मनगट, मनगटाला खांदा,
आणि खांद्याला असा एखादा दोर.
तिने ऐकलं की नाही कोण जाणे,
भोंगा वाजला होता, ती धावली.

रजिस्टरात 'आज काय शिकवले' हा रकाना
करंगळीएवढा.
'खेळ' लिहिलं. खोडलं.
'बसू बोलला' लिहिलं,
पण ते मी कुठे शिकवलं होतं?

टेबल सरळ करताना खाली
एक पान सापडलं,
घडी घातलेलं, कड दातांनी कुरतडलेली.
परतीचं असावं.