पाठिंबा

बॅनरवर हसुराम घरत हात जोडून उभा आहे.
कोपऱ्यात चौलच्या जत्रेतला जुना फोटो, शेवटच्या जोडीचा.
वर हसुराम, त्याचा गुडघा, त्याची मान.
खाली जो पडलाय त्याच्या तोंडावर
निवडणुकीचं चिन्ह छापलंय, अगदी मापाचं.
तो मी.

थेरोंड्याच्या जेटीवर बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढतो.
पहाटे होड्यांना बर्फ भरताना
जयवंत तांडेल वर बघतो आणि म्हणतो,
"तुजा बी प्रचार चाललाय रं, फुकटात."

त्या दिवशी सकाळी गोमा वस्ताद
आखाड्याच्या मातीवर लिंबं पिळत होते.
मान वर न करता म्हणाले,
पाचव्या मिनिटाला. निकालावर जा.
(निकाल हा आमच्यातला एक डाव.
मतमोजणीवाल्यांनी तो नंतर घेतला.)
का, ते विचारायची रीत नव्हती.
माघात त्यांच्या मुलीचं लग्न होतं, एवढं ठाऊक होतं.
पडलो. नीट पडलो.
पडायलाही अंगात कसब लागतं,
ते कुठल्या गदेवर कोरत नाहीत.
हसुरामला खांद्यावर घेऊन लोक रेवदंड्यापर्यंत नाचत गेले.
मला नारळ मिळाला. घरी फोडला तर नासका निघाला,
आईने तो कोंबड्यांनाही घातला नाही.

मग तो सोसायटीचा चेअरमन झाला, मग पंचायत समिती.
भाषण त्याला कधीच जमलं नाही.
"एवढंच सांगतो" म्हणून उभा राहायचा
आणि तेवढंही सांगायचा नाही.
मागून पोरं ओरडायची, मांडी! मांडी!
की हा मांडीवर थाप मारायचा.
खादीच्या लेंग्यावरून शड्डू बोदा वाजतो,
ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा.
तरी टाळ्या पडायच्या.
कधी या पक्षात, कधी त्या.
तिथे कोण चित झाला ते कळतच नाही,
कारण कुणाच्या पाठीला माती लागत नाही.

आता झेडपीला उभा.
परवा कारखान्यात आला, बरोबर वीसेक जण,
एकाच्या हातात ओवाळणीचं ताट, एकाच्या हातात कॅमेरा.
क्रशर बंद करायला लावला.
चुरगळलेला कान माझ्याकडे करून दोन मिनिटं
डिझेलचा परतावा, जेटीवरचा दिवा, सगळं ऐकलं.
त्या कानाने त्याला पंचवीस वर्षांत काही ऐकू आलेलं नाही,
हे मला माहीत आहे. तो मीच फोडला होता, सरावात.

मग तो वाकला, माझ्या पाया पडायला.
पण पट काढायला वाकायचा तसाच वाकला,
डावा खांदा आधी, नजर गुडघ्यावर.
आणि माझे पाय माझे राहिले नाहीत,
दोन्ही मागे गेले,
हात त्याच्या मानेवर पडले.
वीसेक जण हसले. कॅमेऱ्याने घेतलं.
मानेवर आता चरबी आहे, चंदनाचा वास आहे,
खाली कुठेतरी जुनी मान.
तिथूनच, लाद्यांच्या वाफेत, त्याने विचारलं,
"मुद्दाम परलास ना रं त्या दिशी?"
मी म्हटलं, पाय घसरला होता.
"मना ठाव हाय," तो म्हणाला,
आणि सरळ होऊन सगळ्यांना हात जोडले.

मत कुणाला दिलं ते सांगायचं नसतं.
कुस्तीला असा पडदा असता तर बरं झालं असतं.

दोनशे अकरा मतांनी आला.
गुलाल बर्फावर उडाला, ती लादी कोणी घेईना.
दिवा अजून लागलेला नाही.

काल रात्री दीडच्या सुमाराला एकटाच आला.
गाडी लांब ठेवली होती, चपला हातात.
काही बोलला नाही. सदरा काढून खुंटीला लावला
आणि लाद्यांवर टाकायचा भुसा पडला होता त्यावर
उताणा झाला, दोन्ही खांदे टेकवून.
मी थोडा वेळ बघत उभा राहिलो.
मग पहिल्या होडीची वेळ झाली,
क्रशर चालू केला.