माप

माझ्या भावाने पहिली ओळ लिहिली ती एका फळीवर,
सुताराच्या चपट्या पेन्सिलीने,
बापाने टाकलेल्या आकड्यांच्या शेजारी:
उंची सहा फूट एक, खांदे एकवीस इंच.
त्या फळीचा पुढे मासा झाला,
माशाच्या पोटात एक म्हातारा कोळी निजला
आणि ओक्पोतीची पहिली ओळ
तेशीच्या वाळूत त्याच्याबरोबर गेली.
काय होती, ते आता त्यालाही आठवत नाही.

आमच्याकडे माणूस जसा जगला तशा पेटीत जातो.
कोकोवाला कोकोच्या शेंगेत, ड्रायव्हर मर्सिडीझमध्ये.
एका बाईने जन्मभर कांदे विकले, ती कांद्यात गेली;
बापाने पापुद्र्यांना रंगाचे चार हात दिले,
पैसे तीनच हातांचे घेतले.

रात्री वीज असली की ओक्पोती रेडिओला चिकटायचा,
नसली की रंध्याच्या तालावर पुटपुटायचा.
खर्र खर्र, ठक. खर्र खर्र, ठक.
स्टुडिओवाला म्हणाला, गा भाषेत कोण ऐकणार?
ट्वी घे. नाहीतर इंग्लिश.
हा म्हणाला, आमच्यात त्सो म्हणजे झाड, त्सोफा म्हणजे औषध,
एका अक्षराच्या अंतरावर माणूस बरा होतो,
हे तुझ्या इंग्लिशमध्ये बसवून दाखव.
स्टुडिओवाल्याने तासाचे पैसे आधी मागितले.

ते मी दिले.
केंकीच्या टोपलीखालचे,
आंबलेल्या मक्याचा वास मारणारे सेडी.
पाचशे कॅसेटी निघाल्या, वर नाव: कार्पेंटर.
आणि नेमकी त्याच आठवड्यात बंदी लागली.
होमोवोच्या आधी, पेरणी झाली की देवांना शांतता लागते.
महिनाभर ढोल नाही, भोंगा नाही,
कॅसेटी पलंगाखाली
आणि गावभर खोकायचीसुद्धा चोरी.

मी केंकी बांधता बांधता त्याच्या ओळी कुजबुजायचे,
तळलेल्या मासळीबरोबर, फुकट.
बंदी उठली तेव्हा बाजारातल्या बायकांना त्या पाठ होत्या,
ट्रोट्रोच्या दारात लोंबकळणारा पोरगा
थांब्यांच्या नावांमध्ये त्या घुसवत होता.
कॅसेटी मात्र खपल्या एकशे बारा.

मग बरी वर्षंही आली.
पांढरे बूट, एकदा लंडनचं विमान,
तिथल्या थंडीत कुणीतरी दिलेला, बाह्या लांब असलेला कोट.
आयोजक पैसे घेऊन पळाला, कोट राहिला.
बुकोमचा एक होता, सायरन म्हणवून घ्यायचा,
त्याने माइकवर याला हिणवलं: मढ्यांचा शिंपी.
याने उत्तर दिलं: तुझं माप घेऊन ठेवलंय, सायरन,
लाकूड वाळायची वाट बघतोय.
ते एक वाक्य रेडिओने अख्खा मोसम चघळलं.
लग्नात वाजलं, बारशात वाजलं,
फुटबॉलच्या मैदानात वीस हजार तोंडांनी म्हटलं.
आयुष्यात एवढा पैसा त्याने पुन्हा कधी पाहिला नाही.

अकरा वर्षांनी, न्सावामच्या वळणावर, एक ट्रक.
सायरनची आई आमच्या दुकानात आली.
हातात मुलाचा शर्ट, मापासाठी.
मायक्रोफोन करा म्हणाली, चंदेरी.
आणखी काही बोलली नाही.
तिला माहीत होतं की नाही, मी आजही सांगू शकत नाही.

पाच फूट चार.
"पडद्यावर केवढा दिसायचा," ओक्पोती म्हणाला,
आणि टेप पुन्हा लावून बघितली, जणू ती चुकली असेल.

बापाचे हात तोवर थरथरायला लागले होते.
जाळीची भोकं याने एकट्याने पाडली, एकेक घासली.
तिसऱ्या रात्री रंधा चालता चालता जुना ताल धरू लागला,
खर्र खर्र, ठक,
तसा तो थांबला, घाम पुसला
आणि मुद्दाम बेताल घासत राहिला पहाटेपर्यंत.

रंग द्यायच्या आधी झाकण उलटं केलं,
कानामागची पेन्सिल काढली,
आतल्या बाजूला बराच वेळ लिहीत बसला.
कंदील मी धरला होता.
मला आकडे कळतात, अक्षरं नाही,
त्याचं सगळं मी कानानेच पाठ केलंय.
म्हटलं, वाचून दाखव.

म्हणाला, बंदी आहे.

होमोवो संपून दोन महिने झाले होते.